बरं, निघतो आता!

माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि निवृत्त माणसाच्या हाताला काहीतरी उद्योग हवा, असं त्याचं मत आहे. म्हणून त्याने मला जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेचे पाच खंड आणून दिले. एकेक खंड असा, की दुपारी छातीवर ठेवून वाचता वाचता डोळा लागला तर बरगड्यांचा एक्स-रे काढावा लागेल. पहिले तीन मी पोथीसारखे वाचले. तिसऱ्याच्या शेवटी तर टिरियन नावाचा बुटका, अतिहुशार आणि आपला अत्यंत लाडका माणूस सख्ख्या बापाला संडासात गाठून बाण मारतो आणि पसार होतो. रात्रीचा एक वाजला होता. मी तसाच उठून चौथा खंड काढला. टिरियन गेला कुठे?

चौथ्या खंडात समुद्रकिनाऱ्यावर एक दाढीवाला पुजारी लोकांना खाऱ्या पाण्यात बुडवत होता.

माणूस जवळजवळ मरेपर्यंत बुडवायचा, मग बाहेर ओढून शुद्धीवर आणायचा, हा त्यांचा धर्म. धर्माबद्दल माझी तक्रार नाही. पण हा गृहस्थ कोण? मागे कुठेतरी ओझरता येऊन गेला असेल, तेव्हा आपण नमस्कारसुद्धा केला नव्हता, आणि आज तो पहिल्या पंगतीत पाटावर बसलाय! मी पुढची पानं उलटली. टिरियन नाही. ड्रॅगनवाली डेनेरिस नाही. बर्फाच्या भिंतीवरच्या जॉनचं जेमतेम दर्शन. त्यांच्याऐवजी पुजाऱ्याचे भाऊ, भावांचं हाडवैर, त्यांच्या बेटावरची राजाची निवडणूक, आणि पार दक्षिणेकडच्या वाळवंटातलं एक सबंध राजघराणं, काकापुतण्यांसकट.

सकाळी भाच्याला फोन लावला.

"अरे, ही कोण माणसं आहेत?"

"मामा, थांब जरा. ती महत्त्वाची आहेत."

"आत्ता? दोन हजारांवर पानं झाली, तेव्हा कुठे होती?"

"तिथेच होती. तुझं लक्ष नव्हतं."

खंडाच्या शेवटी लेखकाने खुलासा केला आहे. मजकूर फार झाला, म्हणून कथेचे मधोमध दोन तुकडे करण्याऐवजी गावांप्रमाणे वाटणी केली. राहिलेली मंडळी पुढच्या खंडात भेटतील. हा खंड आला 2005 मध्ये. पुढचा आला 2011 मध्ये. मुळात ही कथा तीन खंडांत आटपायची होती. आता बेत सातांचा आहे आणि 2011 नंतर सहावा काही आलेला नाही.

खरं सांगायचं तर मला यात नवल वाटू नये. मी मराठी घरात वाढलोय. आमच्याकडे पाहुणा संध्याकाळी पाचला येतो, सातपर्यंत हवापाणी आणि गुडघेदुखी यांवर बोलतो, मग "बरं, निघतो आता" म्हणून मांड्यांवर हात आपटत उठतो. चपला घालतो. कडी काढतो. आणि एक पाय उंबऱ्याबाहेर असताना म्हणतो, "अहो हो, सांगायचं राहिलंच. आमच्या वसूचं मोडलं." संपलं! आता वसू कोण, कुणाशी ठरलं होतं, का मोडलं, मुलाकडच्यांनी आधी काय सांगितलं होतं, हे सगळं उभ्याउभ्या, दिव्याभोवतीचे किडे झटकत. आतून बायको हाक मारते, "अहो, त्यांना आत तरी बसवा!" पाहुणा म्हणतो, "छे छे, निघालोच." बैठकीतले दोन तास वाया गेलेले असतात, खरी भेट दारात होते. लांबलचक अद्भुतकथेचा लेखक हा असा चपला घातलेला पाहुणा आहे. त्याला हाताला धरून बाहेर काढता येत नाही, कारण वसूचं का मोडलं हे आपल्यालाही हवंच असतं.

मार्टिन यांच्या पाचव्या खंडात अशा दोन वसू आहेत. पहिला म्हणजे निळ्या रंगवलेल्या केसांचा एक पोरगा. तान्हा असताना ज्या राजपुत्राचं डोकं भिंतीवर आपटलं गेलं, असं आपण पहिल्या खंडापासून ऐकून हळहळत आलो, तो म्हणे मीच. तेव्हा बाळ बदललं होतं! आता सिंहासनावर हक्क सांगायला तो होडीतून निघालाय. सात खंडांच्या बेतात हा पाचव्या खंडात येतो. मतमोजणी सुरू झाल्यावर उमेदवारी अर्ज भरायला आलेला माणूस आपण कधी पाहिला नव्हता, तोही पाहिला.

दुसऱ्याची कथा मात्र माझ्या जिवाला लागली. क्वेंटिन मार्टेल. वाळवंटातल्या त्या राजघराण्याचा मुलगा. दिसायला साधा, स्वभावाने गरीब, वडिलांच्या शब्दाबाहेर न जाणारा. वडिलांनी जुना करारनामा हातात देऊन सांगितलं, जा, समुद्र ओलांड आणि ड्रॅगनवाल्या राणीशी लग्न करून ये. पोरगं निघालं. वाटेत सोबती मेले, भाड्याच्या सैन्यात भरती व्हावं लागलं, चिखल, रक्त, हगवणीची साथ. मी रोज संध्याकाळी बायकोला प्रगती सांगत होतो, कारण स्थळ म्हटलं की तीही कान देते.

"पोचला का?"

"पोचला."

"मग?"

"तिचं दुसरीकडे ठरलंय. उद्या लग्न."

"अगं बाई! आणि आईवडिलांनी आधी पत्र नाही पाठवलं?"

हाच प्रश्न मलाही पडला होता. राणीचं लग्न झालं, मग राणी ड्रॅगनवर बसून उडून गेली. क्वेंटिनने विचार केला, राणी नाही तर निदान एखादा ड्रॅगन तरी घेऊन जावं, बाबांना काय तोंड दाखवू? रात्री ड्रॅगनच्या कोठडीत शिरला. एका ड्रॅगनकडे बघत असताना दुसऱ्याने मागून जाळला. तीन दिवस तळमळून गेला. ज्याची आपल्याला चौथ्या खंडापर्यंत गरज नव्हती, त्याचं नाव, गाव, शील, हुंदके सगळं आपल्या गळ्यात घातलं आणि परत काढून घेतलं. टीव्हीवरच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये या मुलाला घेतलंच नाही. बायको म्हणाली, बरं केलं, वाचला बिचारा.

इतकी माणसं लक्षात ठेवायची तर वही हवी. घरात रिकामी वही एकच सापडली, दुधाच्या हिशेबाची. तिच्या मागच्या बाजूने मी यादी सुरू केली. नाव, गाव, नातं आणि सद्यःस्थिती. एक तारखेला दूधवाला हिशेबाला आला तेव्हा वही उलटी उघडली गेली. त्याने वाचलं: रॉबर्ट, मेला. एडार्ड, मेला. रॉब, मेला. कॅटलिन, मेली, पण परत आली. खाली लाल शाईने: उरलेले पुढच्या महिन्यात बघू. त्याने वही मिटवून दोन्ही हातांनी परत दिली. त्या महिन्यात त्याने पैशांची घाई केली नाही.

भाच्याला मात्र हे काहीच वाटत नाही. तो 'वन पीस' या जपानी चित्रकथेत मुरलेला आहे. एइचिरो ओडा यांनी ती 1997 मध्ये सुरू केली, पाचेक वर्षांत संपवायच्या हिशेबाने. अकराशेच्यावर प्रकरणं झाली. मध्यंतरी भाच्याचा आनंदाने फोन आला होता. "मामा, शेवटचा टप्पा सुरू झाला!"

"कधी?"

"2022 मध्ये."

"मग आतापर्यंत आटोपला असेल."

"छे! आता तर कुठे सगळं उलगडायला लागलंय."

यात रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम'चं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. 1990 ते 2013, चौदा खंड, दोन हजारांहून जास्त नावानिशी पात्रं, आणि त्यांतल्या बायका रागावल्या की वेणी ओढतात. आठव्या खंडात पेरिन नावाच्या भल्या लोहाराची बायको शत्रू पळवून नेतात. ती परत मिळते अकराव्या खंडात. आठवा खंड 1998 चा, अकरावा 2005 चा. म्हणजे ती पळवली गेली तेव्हा जन्मलेलं मूल ती सापडली तेव्हा दुसरीत बसून पाढे म्हणत होतं. मधल्या खंडांत पेरिन काय करतो? शोधतो. दहावा खंड तर असा, की नवव्याच्या शेवटी जे घडलं ते कोण कुठे उभं असताना घडलं, हेच त्यात बराच वेळ चालतं. 2007 मध्ये जॉर्डन वारले, तेव्हा एक शेवटचा खंड उरला होता. ब्रँडन सँडरसन यांनी तो पुरा करायला घेतला आणि त्या एका खंडाचे तीन झाले. म्हणजे दुसऱ्याच्या घरी निरोप घ्यायला पाठवलेला माणूससुद्धा दारात तीन वेळा थांबला.

ही सगळी अमेरिकनांची आणि जपान्यांची थेरं, असं मी जेवताना म्हणालो. बायकोने पोळी उलटता उलटता विचारलं, "आणि आपल्या महाभारताचं काय?"

"महाभारताचं काय?"

"युद्ध संपलं. शंभर मेले. आता पुस्तक मिटायचं की नाही? तर भीष्म बोलायला लागले! बाणांवर पडून! आणि ते शांतिपर्व सगळ्यांत मोठं."

मी गप्प बसलो. ती कीर्तनाला जाते, मी जात नाही. हा फरक अशा वेळी कळतो.

"आणि वनात धर्मराज म्हणाला, माझ्यासारखा दुःखी कुणी आहे का? म्हणायचं ना 'नाही बाबा'? ऋषी लगेच मांडी घालून बसले आणि नल-दमयंती सुरू. अश्वमेध झाला, ताटं उचलली, तर अर्ध्या सोन्याचं मुंगूस आलं. त्याचीही गोष्ट ऐका! तुमच्या त्या मार्टिनला म्हणावं, आधी मुंगूस आणून दाखव."

मग मला 'चंद्रकांता' आठवली. 1994 मध्ये दूरदर्शनवर ती मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी आमच्या चाळीत नळावर गर्दी नसायची. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह भुवया वर नेऊन 'यक्कू' म्हणायचा आणि आठवडाभर पोरं जिन्यात तेच म्हणत फिरायची. मूळ कादंबरीतल्या माणसांना ओळखू येऊ नये इतकी ती मालिका लांब गेली, पण तिला तरी दोष कसा द्यावा? मूळ लेखकच तसा होता. देवकीनंदन खत्री जंगलाचे ठेके घेत. चकिया, नौगढच्या रानात आणि पडक्या किल्ल्यांत फिरून त्यांनी 1888 मध्ये 'चंद्रकांता' काढली. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले म्हणतात. नायक-नायिकेचं लग्न झालं, आता काय? तर त्यांची मुलं! 'चंद्रकांता संतति', चोवीस भाग. त्यात एक तिलिस्म, म्हणजे जादूचा भुलभुलैया, फोडला की आत दुसऱ्याचा दरवाजा. शिवाय ऐयार, म्हणजे वेषांतर करणारे हेर. ऐयाराच्या बटव्यात कुणाचंही रूप घ्यायचं सामान असतं, त्यामुळे मेलेला माणूस मेलाच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तो मेलेला दिसणारा तिसराच कुणीतरी असू शकतो. भूतनाथ नावाचा असाच एक ऐयार 'संतति'त शिरला आणि एवढा माजला की त्याच्या नावाची वेगळी कादंबरी निघाली. ती लिहिता लिहिता 1913 मध्ये खत्री गेले. मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी, ती पुरी केली. आपल्याकडे वडील मुलाला घराचं कर्ज ठेवून जातात. इथे अपुरं पात्र ठेवून गेले.

पण हे लेखक असं का करतात, हे मला पुस्तकांतून कळलं नसतं. ते कळलं माझ्या मित्राकडून. तो एका वाहिनीसाठी मालिका लिहितो: नागलोक, शापित खड्ग, पाताळातला राक्षस, वगैरे. वर्षानुवर्षं चालली आहे. सोसायटीच्या कट्ट्यावर भेटला, डोळ्यांखाली काळं झालेलं.

"काय रे, राक्षस मेला ना? संपवणार होतास म्हणे."

"मेला होता. सोमवारी शूट झालं, छान जळला. गुरुवारी आकडे आले. चॅनेल म्हणालं, तीन महिने वाढवा."

"मग?"

"मग राक्षसाला बहीण निघाली."

"पण आधी कधी तिचा उल्लेख..."

"तपश्चर्येला बसली होती."

तपश्चर्या ही आपल्या संस्कृतीने कथालेखकांना दिलेली थोर देणगी आहे, असं त्याचं म्हणणं. इंग्रज लेखकाला माणूस कुठून काढायचा तर बाळ बदललं, जहाज बुडालं, स्मृती गेली, असे हेलपाटे घालावे लागतात. आपण एका ओळीत मोकळे. आठशे भाग कुठे होतात? हिमालयात. बरं, बसा.

मी त्याला मार्टिन यांची गोष्ट सांगितली: तिसऱ्या खंडानंतर पाच वर्षं ओलांडून पुढे जायचं, म्हणजे पोरं मोठी होतील, असा त्यांचा बेत होता, पण मधल्या पाच वर्षांतलं सगळंच आठवणींतून सांगावं लागेल, असं दिसल्यावर त्यांनी तो सोडला.

मित्र कळवळला. "लीप सोडला? वेडा आहे का तो? आमच्याकडे लीप घेतला की कुणी काही विचारत नाही. नायिकेची मुलगी वीस वर्षांनी मोठी होते, नायिका होत नाही. ट्रॅक नवा, कर्ज माफ."

"ते स्वतःला माळी म्हणवतात. बी पेरायचं आणि काय उगवतं ते बघायचं."

"माळ्याकडे कात्री पण असते," तो म्हणाला, आणि मग स्वतःच दचकला, कारण त्याचं स्वतःचं काय चाललंय ते त्याला आठवलं. राक्षसाच्या बहिणीचे तीन महिने संपत आले होते आणि तिला मारायचं कुणी, हे ठरत नव्हतं. खड्ग पहिल्याच राक्षसात रुतून बसलं होतं. "त्यात काय," मी म्हटलं, "खड्ग बाहेर काढा." तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघू लागला. खड्ग बाहेर काढायचं तर मणी हवा, मणी नायकाच्या आईकडे, आई शिळा झालेली, आणि शिळेचं काम करणारी बाई दुसऱ्या चॅनेलवर सासू झालेली. "त्यापेक्षा," तो हळूच म्हणाला, "दुसरं खड्ग आणणं सोपं पडतं. दुसरं खड्ग, ते घेऊन येणारा एक घोडेस्वार, घोडेस्वाराची एक दुःखी प्रेयसी. दोन महिने निघतात."

मी त्याला हसलो. फार दिवस नाही.

नात सुट्टीला आली आणि रात्री गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे लागलं. मी इतके खंड वाचलेला माणूस. चिमणी-कावळा कशाला सांगू? एक राजपुत्र काढला, एक राक्षस काढला, राजपुत्राला गुहेत कोंडून गुहेच्या तोंडाशी डोंगराएवढा दगड लावला आणि म्हणालो, "उरलेली उद्या." नात खूश. दुसऱ्या रात्री कळलं, की दगड हलवायची काही सोय मी केलेली नाही. राजपुत्र आत, मी बाहेर. नात डोळे मोठे करून बघतेय. तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "आणि तेवढ्यात तिकडे, सात समुद्रांपलीकडे, राजपुत्राची मावशी सुपावर बसून निघाली."

केवढी सुटका! मावशीला ना दगड आडवा येत होता, ना राक्षस. तिला वारा होता, ढग होते, खालून कुत्री भुंकत होती. दोन रात्री मावशीवर सुखाने गेल्या. मग मावशीला गुहेच्या जवळ यावंच लागलं, तेव्हा मी तिच्या वाटेत एक शापित नदी घातली. नदीचा उतारा माहीत असलेलं एक कासव घातलं. कासवाचा पूर्वजन्म घातला. मला वाटत होतं, आपण काय रंगतोय! पण नात ऑडिटरच्या जातीची आहे.

"आजोबा, राजपुत्र जेवला का?"

"अं?"

"तो कधीचा गुहेत आहे. त्याला भूक नाही लागली?"

"त्याच्याकडे जादूचं फळ होतं."

"कालपर्यंत नव्हतं."

मी कासवाकडे वळलो. कासव नदीत उतरलं, आणि ती म्हणाली, "ते कासव तर डब्यात होतं. झाकण कुणी काढलं?" डब्याचं मी साफ विसरलो होतो. डबा कुठल्या रात्री आला हेही मला आठवेना. माझी यादीची वही दूधवाल्याच्या धाकाने बायकोने लपवून ठेवली होती. मी म्हटलं, झाकण काढलं एका घोडेस्वाराने. "कुठला घोडेस्वार?" मी त्याचं नाव सांगितलं, त्याच्या घोड्याचं नाव सांगितलं, आणि त्याच्या दुःखी प्रेयसीकडे वळणार, एवढ्यात नातीने जांभई दिली.

"आजोबा, मी सांगू?"

"सांग."

"राक्षसाला झोप आली. राजपुत्राने दगड ढकलला. तो घरी गेला आणि त्याने वरणभात खाल्ला. संपली गोष्ट."

"अगं, पण दगड डोंगराएवढा..."

"त्याने जोरात ढकलला."

"आणि नदीचा शाप?"

"नदीला पण झोप आली."

आणि ती झोपली. चादर ओढून, भिंतीकडे तोंड करून, एका मिनिटात. मी अंधारात पडून राहिलो. अंगावरून केवढं ओझं उतरलं होतं! कासव नाही, डबा नाही, घोडेस्वाराची प्रेयसी तर जन्मायच्या आधीच सुटली. मी कूस बदलली, डोळे मिटले. तेवढ्यात पलीकडच्या पलंगावरून, इतक्या रात्रींत एकदाही हूं की चूं न केलेल्या बायकोचा, टक्क जागा आवाज आला.

"अहो, पण ती मावशी? सुपावर बसून निघालेली. ती कुठे गेली?"

"तपश्चर्येला," मी म्हणालो.